आ करा

“आ करा.”

बाबांनी आ केला. आईनं टॉर्च पेटवला. जीभ वर, जीभ खाली, डावा गाल, उजवा गाल. आई काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसभर बाटल्या उजेडासमोर धरून तडे शोधायची. केसाएवढा तडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. इथे तर अख्खा नवरा समोर उभा होता.

“गिळली,” बाबा म्हणाले. “पोटात उतरून बघायचं असेल तर शिडी आणतो.”

आई हसली नाही. तिनं टेबलावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. एक दोन वर्षांपूर्वीचा, एक आज आलेला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या कॅल्शियमचा आकडा वाढला होता.

“रोज गोळी घेता, मग हा कसा वाढला?”

“मला काय माहीत? मी रोज गिळतो.”

“आणि त्या वॉशरच्या डब्यातल्या? त्या पण गिळल्याच होत्या ना?”

 बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि चालत्या मशीनला पाना लावू नये, हे त्यांचं लाडकं तत्त्व. रक्तवाहिन्यांत चरबीचे थर सापडले, डॉक्टरांनी चरबी उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुरू केली, तेव्हा त्यांनी हेच तत्त्व छातीलाही लावलं. दुखत नाही, मग गोळी कशाला? महिन्याभरानं लेकीला त्या सगळ्या गोळ्या वॉशरच्या डब्यात सापडल्या. बाबांचे मोठे भाऊही असंच म्हणायचे. एक दिवस ते जिन्यात दम खायला बसले, ते उठलेच नाहीत. म्हणून घरात टॉर्च आला.

आता लेकीनं पुन्हा झडती घेतली. डबे, बूट, कुंड्या, सोफ्याची फट. सोफ्यात तिचंच हरवलेलं कानातलं सापडलं. गोळी एकही नाही.

“काही नाही गं आई.”

“म्हणजे चोर हुशार झालाय,” आई म्हणाली आणि भाजी इतक्या जोरात चिरायला लागली की बाबांनी खुर्ची मागे सरकवली.

सकाळी तिघं दवाखान्यात निघाली. आई चार पावलं पुढे. बाबांनी हळूच विचारलं, “गुप्तहेर, तुला तरी पटतंय ना?”

लेकीला हो म्हणायचं होतं. पण आकडा वाढला होता. आकडा काही बाबांसारखा गोड बोलत नाही. ती बुटाची लेस बांधायला खाली वाकली.

डॉक्टरांनी काही विचारायच्या आतच आई म्हणाली, “हे गोळ्या फेकतात.”

डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. मग नुकताच आलेला रक्ताचा रिपोर्ट वाचला. मग दोन वर्षांपूर्वीचा. सगळं इतकं सावकाश, की बाबांना घाम फुटला.

“कोण म्हणतं फेकतात?”

“हा वाढलेला आकडा म्हणतो.”

“आकडा एकटाच ऐकू नका,” डॉक्टर म्हणाले. “धोका असतो तो मऊ, सुजलेल्या थराला. तो फुटतो. गोळीनं चरबी उतरते आणि सूजही निवते. मग जखमेवर खपली धरावी तसा तो थर घट्ट होतो, आणि त्यात कॅल्शियम वाढू शकतं. नुसता कॅल्शियमचा आकडा गोळी न घेणाऱ्याचाही वाढतो, म्हणून मी रक्त पाहिलं. चरबी निम्म्याच्या खाली आलीय, सूजही उतरलीय. गोळ्या फेकणाऱ्याचं रक्त असं नसतं, ताई. यांनी नेमानं घेतल्यात.”

 आईनं रक्ताचे दोन्ही रिपोर्ट उचलले, खिडकीच्या उजेडासमोर धरले आणि बराच वेळ बघत राहिली. तडा कुठेच नव्हता.

परतताना ती पुढे गेली नाही. लेकच दोघांच्या पुढे उड्या मारत चालली होती.

रात्री जेवण झालं. बाबांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले आणि सवयीनं आईसमोर जाऊन आ करून उभे राहिले.

आईनं टॉर्च ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावून घेतला.

“मिटा तोंड,” ती म्हणाली. “माशी जाईल.”