राणी मरते

"एक शब्द जरी जास्तीचा बोललीस, तर उद्यापासून त्या पायऱ्यांवर दुसरी कुणीतरी मरेल," मास्तर म्हणाले.

तिसरी घंटा व्हायला पाच मिनिटं होती. राणीचं काम करणारी मुलगी विंगेत उभी राहून मुकुटाला पिना टोचत होती. महिनाभर तालमीत तिनं एकच हट्ट धरला होता, की विष पिण्याआधी राणीला एक वाक्य द्या. नवरा भरदरबारात खोटा आळ घेतो, बाई मुकाट्यानं पेला तोंडाला लावते, आणि ब्रसुद्धा काढत नाही? असं कुठं असतं का?

"शोकांतिका आहे ही," मास्तरांनी पुन्हा एकदा सुनावलं. "ती सोसते म्हणून तर राणी आहे. बोलली असती तर शेजारीण झाली असती."

मग ते स्टुलाकडं वळले. स्टुलावर मांडीत नाटकाचं पुस्तक घेऊन मावशी बसल्या होत्या. विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हे त्यांचं काम.

"आणि मावशी, परवा राजे अडखळले. आज अडखळले तर हे स्टूलही मोकळं करून घेईन."

"बरं," मावशी म्हणाल्या. मनात म्हणाल्या, पाठ नाही त्या मेल्याचं, आणि टांगणीला जीव माझा!

खोटं नव्हतं ते. राजे अठरा वर्षं राजे होते, पण राणीच्या प्रेताजवळचं ते लांबलचक भाषण त्यांना अजून येत नव्हतं. अडलं की ते बोटातली अंगठी फिरवायचे. अंगठी फिरली, की मावशींनी पहिले चार शब्द हळूच सोडायचे आणि पुढं राजांनी थिएटर दणाणून सोडायचं. टाळ्या त्यांना. मावशींना घशाच्या गोळ्या.

मास्तर पलीकडच्या विंगेत गेले. मुलगी मावशींपाशी वाकली.

"मावशी, विष प्यायल्यावर पुस्तकात माझ्याबद्दल काय लिहिलंय हो?"

मावशींना पान उलटावं लागलं नाही. तरुणपणी त्या स्वतः त्याच पायऱ्यांवर दोन वर्षं मेल्या होत्या, डोळे गच्च मिटून, नाकावरची माशीसुद्धा न हाकलता.

"'राणी मरते.'"

"एवढंच?"

"एवढंच. पुढं सगळं राजे बोलतात."

"कशी मरते, ते नाही लिहिलं?"

"कोण लिहितंय ते, बाई!"

मुलगी हसली. घंटा झाली.

दुपारचा प्रयोग असूनही थिएटर भरलं होतं. चार अंक सरळ पार पडले. पाचव्यात मुलीनं पेला उचलला, दरबाराकडं एकदा पाहिलं, आणि गटागटा प्यायली. शब्द नाही, हुंदका नाही, मास्तरांनी सांगितलं होतं अगदी तसंच. पायऱ्यांवर कोसळली. राजे धावत आले, गुडघ्यांवर बसले, तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. आणि मावशींना दिसलं, की पोरीनं डोळे मिटलेलेच नाहीत.

मिटायचे राहून गेले असतील, असं त्यांना आधी वाटलं. छे! चांगले टक्क उघडे होते, आणि रोखलेले होते थेट राजांच्या तोंडावर.

"हाय रे दैवा!" राजांनी सुरुवात केली. स्वतःच्या दुःखाबद्दलच्या पहिल्या ओळी त्यांना तोंडपाठ होत्या, त्या त्यांनी वर छताकडं बघत म्हटल्या. मग खाली पाहिलं आणि गप्प झाले. मेलेल्या माणसाच्या पापण्या ओढतात तसा त्यांनी तळहात तिच्या डोळ्यांवरून फिरवला. डोळे मिटले. तळहात उचलला, डोळे उघडले.

पहिल्या रांगेतून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

राजांनी अंगठी फिरवली.

मावशींचं बोट बरोबर ओळीवर होतं: 'आयुष्यात तिनं माझ्यापुढं कधी नजर वर केली नाही.' अठरा वर्षं त्यांनी ही ओळ पुरवली होती. सवयीनं 'आयुष्यात' जिभेवर आलंही. समोरच्या विंगेत मास्तर दोन्ही हात हलवत होते. द्या, द्या, द्या!

हे स्टूल गेलं तर या वयात दुसरीकडं उभं कोण करणार? मावशींनी मुलीकडं पाहिलं. पोरीनं श्वास रोखून धरला होता. पापणी न लवल्यानं डोळ्यांतून पाणी वाहत कानाकडं चाललं होतं, तरी नजर हलत नव्हती. पुस्तकात होतं तेवढं सगळं तिनं केलं होतं. शब्द एकही जास्तीचा नव्हता. आणि आपण दोन वर्षं कसले डोळे मिटून पडलो होतो, या विचारानं मावशींना स्वतःचाच संताप आला.

राजांनी अंगठी पुन्हा फिरवली. मग पुन्हा. आता ती बोटातून निघायच्या बेतात होती, आणि तोंड नुसतं उघडमीट करत होतं.

मावशींनी चष्मा काढला. पुस्तक मिटलं आणि स्टुलाखाली सरकवलं.

"मावशी, अहो, राजे अडलेत," पडदेवाला दोरीला हात घालून कुजबुजला. "पडदा टाकू?"

"थांब," मावशी म्हणाल्या. "तिचं बघून होऊ दे."