कडक उन्हाळ्याचा अंदाज

उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या हवामान कार्यालयानं यंदा कडक उन्हाळ्याचा अंदाज दिला आणि तिथल्याच माझ्या नणंदेच्या लॉजची बुकिंगं धडाधड रद्द झाली.

"वहिनी, आम्ही इथं शाली पांघरून बसलोय! तुमचं ऑफिस कुठल्या गावाचा उन्हाळा सांगतंय?" तिनं फोनवर मला फैलावर घेतलं.

रोज तीच बोलणी खाऊन डोकं उठलं, तेव्हा मी स्वतः ऑफिसमागच्या तापमापकाच्या पेटीपाशी गेले. साहेबांच्या नव्या एसीचा गरम झोत थेट त्या पेटीवर येत होता.

तशीच तणतणत केबिनमध्ये शिरले. "साहेब, आधी हा एसी बंद करा!"



अंगातला स्वेटर सारखा करत साहेब म्हणाले, "अहो, आपलाच अंदाज वाचला नाहीत का? एवढ्या उन्हाळ्यात एसी बंद?"