आइस्क्रीमचा डबा

दिगंबररावांच्या फ्रीजमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसे. डबे भाचीच्या लग्नातून रिकामे आणलेले. त्यांत कधी इडलीचं पीठ, कधी मटार.

त्या सकाळी एक डबा फ्रीजरमध्ये दिसला. "पीठ कुणी फ्रीजरमध्ये ठेवतं का?" असं पुटपुटत त्यांनी तो उघडूनही न बघता उन्हात ठेवला.

जेवणानंतर बायकोनं दोन वाट्या मांडल्या. "अहो, डबा कुठंय? लग्नाचा वाढदिवस म्हणून चक्क आइस्क्रीम विकत आणलंय!"

दिगंबररावांनी उन्हातला डबा आणला. आत गुलाबी दूध डुचमळत होतं. तिनं वाट्या उचलल्या आणि पेले काढले. दोघांनी ते पिऊन संपवलं.

एरवी डबे विसळलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत जाई. त्या दिवशी तिनं ते दोन्ही पेल्यांत निम्मं निम्मं ओतलं.