दहा नंबरचा पाना

हँगरमधल्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली होती. दहा नंबरच्या पान्याची आकृती रिकामी दिसली आणि मिस्त्रीकाका तसेच बाहेर धावले. नियम त्यांनीच घालून दिला होता: हत्यार कमी, तर विमान जागचं हलणार नाही.

बाहेर जुनं टर्बोप्रॉप विमान चाळीस प्रवासी घेऊन निघायच्या बेतात होतं. तीस वर्षं डोंगरातल्या आखूड धावपट्ट्यांवर उतरलेलं ते उद्या संग्रहालयात जाणार होतं. ही त्याची शेवटची फेरी.

"सगळ्यांना उतरवा," काकांनी मॅनेजरला सांगितलं. "सकाळी फिल्टर बदलताना पाना इंजिनात राहिला असणार."

"शेवटच्या दिवशी शोभा केलीत!" मॅनेजर कडाडला. "नाही सापडला, तर उद्यापासून येऊ नका."

डाव्या इंजिनात काही नव्हतं. उजव्यातही पाना नव्हता, पण आत खोलवर काकांच्या बॅटरीचा उजेड थबकला. इंजिन पेलणाऱ्या दांड्याला बोटभर तडा गेला होता.

सकाळी कॅप्टनबाई म्हणाल्या होत्या, उजव्या इंजिनाचा आवाज बदललाय. काका हसले होते: "तीस वर्षं ऐकतोय मी याला. तुमचे कान अजून नवे आहेत, मॅडम."

त्याच आता शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कोटाच्या खिशातून त्यांनी दहा नंबरचा पाना काढला आणि काकांच्या हातात ठेवला.

"माझं तुम्ही ऐकलं नाहीत, काका. फळीचं ऐकाल, याची खात्री होती."