सिग्ने गाव हललं

घर चालत होतं आणि आत गुरीने नावाची बाई चुलीवर कॉफी उकळत होती. दोन लांबलचक ओंडक्यांवर अख्खं घर चढवलेलं, पुढे बैलांच्या जोड्या, आणि बैलांपुढे तिचा नवरा टाराल्ड, दाढीत बर्फ आणि तोंडात शिव्या. फडताळात कपबशा किणकिणत होत्या. गावातलं हे शेवटचं घर. बाकीची घरं थंडी पडल्यापासून अशीच एकेक करून बर्फावरून घसरत रुळांकडे गेली होती. दुकान गेलं, लोहार गेला, देवाचं घरसुद्धा गेलं. आगगाडी गावाकडे येईना, म्हणून गावच उठून आगगाडीकडे निघालं होतं. दुसरं करणार काय? ज्या गावाला रूळ नाही त्याला अमेरिकेतल्या या डाकोटात कुत्रं विचारत नाही.

उत्तरेच्या खिडकीतून टेकाड दिसत होतं आणि टेकाडावर एक लाकडी क्रूस. गुरीने तिकडे बघत नव्हती. बघितलं तर उडी टाकून पळत सुटू, हे ती जाणून होती. तिच्या मांडीवर दुकानावरची जुनी पाटी होती. पाटीवर काळ्या रंगात लिहिलेलं, सिग्ने.

सिग्ने तिची लेक. गाव वसलं त्याच हिवाळ्यात घटसर्पाने गेली. गावाला नाव काय द्यायचं यावरून तेव्हा पुरुष हमरीतुमरीवर आले होते, जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता. शेवटी दुकानदार एलिंग म्हणाला, या मातीत आपण पहिलं माणूस पुरलं ते ही पोर, तेव्हा गाव तिचं. सगळ्यांनी टोप्या काढल्या. टाराल्ड क्रूसावर नाव कोरायला बसला, तर एलिंगनेच त्याचा हात धरला. अरे, अख्खं गाव तिच्या नावाचं आहे, आणखी काय कोरतोस? क्रूस कोराच राहिला.

घटसर्पाची कबर उकरू द्यायला कोणी तयार होईना. गुरीने इतके दिवस हटून बसली होती ती त्यापायी. मग एलिंग येऊन चुलीपाशी बसला आणि गोड बोलला. पोर नेता येत नाही, पण नाव नेता येतं. स्टेशनावर हीच पाटी लावू, गाडीतून जाणारा-येणारा तुझ्या लेकीचं नाव वाचत जाईल. त्यावर ती उठली होती. बांधाबांध काही करायची नव्हतीच, घरच निघणार होतं.

दिवस कलता कलता घर थांबलं. गुरीने पाटी शालीखाली धरून उतरली. समोर नवंकोरं पिवळं स्टेशन, रंगाचा वास अजून गेला नव्हता. छपराखाली पाटी लागलेली होती.

मिल्ड्रेड.

तिने अक्षरं पुन्हा एकदा लावून बघितली. एलिंग बाजूला येऊन उभा राहिला, हातातली टोपी चुरगाळत. नाव रेल्वे कंपनीनं ठरवलंय, म्हणाला, नकाशेसुद्धा छापून आलेत. आपण दोन शब्द टाकले होते, पण आपल्याला विचारतो कोण.

"कोण ही?" गुरीनेने विचारलं.

"मोठ्या साहेबाची मुलगी. शिकागोची."

"कशानं गेली?"

एलिंगला आधी समजलंच नाही. मग तो गडबडीने म्हणाला, "गेली कुठे? चांगली धडधाकट आहे. पियानो शिकते म्हणे."

"मग जिवंत पोरीला गाव कशाला लागतं?"

गुरीने नवऱ्याकडे वळली. टाराल्ड बैलाच्या मानेवरचा बर्फ झटकत होता, झटकायला काही उरलं नव्हतं तरी.

"तुला ठाऊक होतं?"

"सांगितलं असतं तर निघाली असतीस का?"

परक्यांनी फसवलं तर माणूस घरी येऊन रडतं. तिचं घर तिथेच रस्त्यात ओंडक्यांवर उभं होतं आणि धुराड्यातून धूर निघत होता. माणसं पहारी घेऊन जमली होती. दार रुळांकडे ठेवायचं ना, असं कोणीतरी तिलाच विचारलं. बाकीच्या सगळ्यांनी तसंच ठेवलं होतं.

तिने पाटी पाठीवर घेतली आणि शालीने घट्ट बांधली, सिग्ने तान्ही असताना तिला बांधायची तशी. मग ती आल्या वाटेने परत निघाली. वाट म्हणजे काय, घर ओढताना ओंडक्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, आणि वाऱ्याने त्या बुजायलाही लागल्या होत्या. टाराल्ड चार पावलं तिच्यामागे धावला, मग बैल बुजले म्हणून परत फिरला. घर अजून जमिनीवर टेकलं नव्हतं.

"गुरीने, फिर मागं," एलिंग ओरडला. "अंधार पडेल. तिथे आता कोणी राहत नाही गं."

"सिग्ने राहते," ती म्हणाली, आणि चालत राहिली.