भेटला काय?

“काका, हाही नाही बसत. दांडी आखूड पडून राह्यली.” सायकलच्या दुकानदाराने चिमटा परत खिळ्याला अडकवला. “असा चिमटा आता कुठंच नाही भेटत. नवी गेअरवाली घेऊन टाका ना.”

“नवी नाही पाह्यजे,” पंजाबराव म्हणाले आणि वाकडा चिमटा पिशवीत घालून पायरी उतरले.

यवतमाळात विचारायचं दुकान आता उरलं नव्हतं. कुठे दांडी आखूड, कुठे आटे जुळत नाहीत, कुठे चाकच आत मावत नाही. सायकल जुन्या पोलादाची, वाकड्या हँडलची रेसर. कॉलेजात असताना त्यांनी हट्टाने घेतलेली. एकुलत्या एका पोराने, कपिलने, ती पुलाच्या कठड्यावर घातली आणि पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला. पंजाबरावांनी भर चौकात पोराच्या कानाखाली वाजवली. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं, ते त्यांना नंतर दिसलं. आधी सायकल दिसली.

कपिल त्याच संध्याकाळी घर सोडून गेला. आता इथेच, यवतमाळात, एका गॅरेजात कामाला होता. घरचा फोन उचलत नव्हता.

गॅरेज बसस्टँडच्या वाटेवरच होतं. पंजाबराव दरवेळी दुसऱ्या गल्लीने वळसा घालून जायचे. रिकाम्या हाताने कोणत्या तोंडाने जायचं? सायकल नीट करायची, ती पोरासमोर उभी करायची आणि म्हणायचं, घे, आता तुझी. माफी मागणं त्यांना जन्मात जमलं नसतं. चिमटा शोधणं जमत होतं.

म्हणून ते राळेगावकडच्या आपल्या गावाहून एसटी धरून पुन्हा पुन्हा यायचे. संध्याकाळी घरी पोचले की बायको, चंदाबाई, स्वयंपाकघरातूनच विचारायची, “भेटला काय?”

“नाही भेटला.”

मग ताटावर बसून नुसती भाकर चिवडायची. बाईमाणसाला सायकलचं एवढं काय, हे त्यांना काही केल्या उमगत नव्हतं.

आज मात्र बसस्टँडमागच्या भंगाराच्या ढिगात तसाच एक रेसरचा सांगाडा पडलेला दिसला. चिमटा सरळ होता. पंजाबरावांनी पिशवीतला वाकडा काढून दांडीला दांडी लावून पाहिली. आटेही जुळले.

परतीच्या गाडीत तो मांडीवर घेऊन बसले, पण आनंद काही होईना. आता शोधायचं काही राहिलं नव्हतं. आता पोरासमोर जायचंच होतं, आणि त्याचीच धास्ती वाटत होती.

घरी आल्यावर त्यांनी पिशवी ओसरीत सायकलजवळ टेकवली आणि पायरीवर बसकण मारली.

“भेटला काय?” आतून आवाज आला. रोजच्यासारखाच, दमलेला.

“भेटला.”

आत काहीतरी धाडकन पडलं. चंदाबाई पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पिशवीकडेही नाही. ती अंगणाच्या फाटकापलीकडे पाहत होती, आणि तिचे डोळे वाहत होते.

“मंग आना ना घरात! बाहीर काहून उभं केलं तुमी पोराले?”