चार हात लांब

टीबीच्या वॉर्डात सिस्टरची ऐन उमेदीची वर्षं गेली. मास्क मागितला की डॉक्टर हसायचे, "अहो, खिडक्या उघड्या ठेवा. काही होत नाही." शेवटी तिनं हट्टाला पेटून परदेशातल्या पीएचडीची स्कॉलरशिप मिळवली. विषय होता, वॉर्डातल्या नर्सना होणारा टीबी.

व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढला, तर तिलाच टीबी निघाला. व्हिसा अडकला आणि स्कॉलरशिप यादीतल्या पुढच्या नावाला गेली. ते नाव डॉक्टरांचं होतं.

कोरा करकरीत मास्क लावून डॉक्टर तिच्या खाटेपासून चार हात लांब उभे राहिले. "सिस्टर, तुमचा एक्स-रे तेवढा द्या. माझ्या अभ्यासाला लागेल."



"या ना, जवळ येऊन घ्या," सिस्टर म्हणाली. "आणि तो मास्क काढा. खिडकी उघडीच आहे."